कामाच्या जागी होणारा छळ आणि मनाचे आरोग्य

(महासंघाच्या दिल्ली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात मराठी भाषिक प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात किमान वेतन, कंत्राटी पद्धत आणि नव्या श्रमसंहिता यांवर सविस्तर चर्चा झाली. आता आम्ही जो विषय मांडणार आहोत, तो मागणीपत्रकात क्वचितच येतो. कामगाराचे बोट यंत्रात सापडले तर अपघात-नोंदवहीत त्याची नोंद होते, दवाखान्यात नेले जाते, नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो. तोच कामगार वर्ष-दीड वर्ष रोज चारचौघांत पाणउतारा सहन करीत राहिला, त्याची झोप उडाली, कामावर निघताना हातपाय गळू लागले, घरी बायकामुलांवर तो विनाकारण खेकसू लागला, तर त्याची नोंद कुठेही होत नाही. ‘माणूस हळवा आहे’, ‘साहेबाशी त्याचे पटत नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. काही महिन्यांनी तो राजीनामा देतो आणि त्याचे नाव हजेरीपटावरून जाते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कामाच्या जागी होणारा छळ हा दोन माणसांच्या स्वभावाचा प्रश्न नसून कामाच्या परिस्थितीचा प्रश्न आहे. त्यातून होणारी इजा खरी असते आणि नोकरी सुटली म्हणून ती सुटत नाही. पुष्कळदा ती वर्षानुवर्षे सोबत राहते. आणि हा छळ माणसाला एकटे पाडूनच करता येत असल्यामुळे त्यावरचे पहिले औषध संघटनेच्याच हाती आहे.

छळ कशाला म्हणावे?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक कडक शब्द म्हणजे छळ नव्हे. प्रेसचे संरक्षक कव्हर काढून काम करणाऱ्यावर फोरमन ओरडला, तर तो आपले कर्तव्य बजावतो. एखाद्या दिवशी दोघांत वादावादी झाली, तर ते भांडण झाले. छळ म्हणजे ज्याला उलटून बोलता येत नाही अशा माणसाला हेरून, पुन्हा पुन्हा, दीर्घकाळ दिलेला जाच.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम स्वीडनमध्ये झाला. हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कामगारांच्या मुलाखती घेऊन छळाचे ४५ प्रकार नोंदवले. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चाललेल्या अशा वागणुकीला त्याने छळ म्हटले. या प्रकारांचे त्याने पाच गट केले: माणसाला बोलू न देणे, त्याला इतरांपासून तोडणे, त्याची अब्रू घेणे, त्याच्या कामाची किंमत कमी करणे आणि त्याच्या प्रकृतीला धोका पोचवणे. या अभ्यासाच्या पाठोपाठ, १९९३ साली, स्वीडनने कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध स्वतंत्र नियम केले.

हे पाच गट वाचले की दूरदेशीचे काही वाचतो आहोत असे वाटत नाही. कपड्यांच्या कारखान्यात तासाचे टार्गेट चुकलेल्या बाईला सगळ्या लाइनसमोर उभे करून आईबापावरून बोलतात. कॉल सेंटरमध्ये ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याचे नाव रोज रात्री व्हॉट्सॲपच्या गटात टाकून खाली हसण्याची चित्रे लावतात. सरकारी कचेरीत शिवीगाळ होत नाही. तिथे माणसाचे टेबल हलवतात, फायली काढून घेतात आणि त्याला दिवसभर रिकामा बसवतात. रुग्णालयात एकाच परिचारिकेच्या वाट्याला महिनोन्‌महिने रात्रपाळ्या येतात. सफाई कामगाराचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला जातो. युनियनचे नाव तोंडातून निघाले की दूरच्या बदलीची धमकी येते. यांपैकी एकेक गोष्ट सुटी काढून दाखवली तर ‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे?’ असे कोणीही म्हणेल. छळ करणाऱ्याचे बळ यातच आहे. एका दिवसाच्या जाचाची तक्रार हास्यास्पद वाटते आणि चारशे दिवसांचा जाच कोणी मोजलेला नसतो.

मनाचे आणि शरीराचे काय होते?

संघटनेच्या कार्यालयात बसणाऱ्या कार्यकर्त्यांना याचा क्रम ओळखता आला पाहिजे, म्हणून तो जरा तपशिलाने सांगतो.

पहिल्या काही आठवड्यांत माणूस स्वतःलाच तपासतो. आपलेच काही चुकत असेल, अधिक काम केले की बोलणी थांबतील, अशा समजुतीने तो जेवणाच्या सुट्टीतही काम करतो. बोलणी थांबत नाहीत. मग झोप बिघडते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारनंतरच पोटात गोळा येऊ लागतो. तो ई.एस.आय.च्या दवाखान्यात जातो, पण मनाची तक्रार घेऊन जात नाही. छातीत धडधडते, डोके दुखते, अन्न पचत नाही, एवढेच सांगतो. त्याला पित्ताच्या गोळ्या मिळतात. आपल्याकडे मनाचे दुखणे बहुधा अंगाच्या दुखण्याचे नाव घेऊनच डॉक्टरकडे पोचते.

त्यानंतर तो लोकांतून उठतो. चहाला इतरांबरोबर जात नाही, कारण विषय निघेल अशी भीती असते. सहकारीही थोडे दूर राहतात, कारण साहेबाची वक्रदृष्टी आपल्याकडे वळू नये असे त्यांना वाटते. मग सर्वांत घातक टप्पा येतो. सतत धास्तीत असलेल्या माणसाचे लक्ष टिकत नाही, सांगितलेले आठवत नाही, हातून चुका होऊ लागतात. त्या चुकांवर मेमो निघतो. म्हणजे छळाने जो परिणाम केला, तोच छळाचे समर्थन म्हणून कागदावर येतो. चौकशीच्या वेळी संघटनेच्या प्रतिनिधीपुढे फायलीतला आळशी, विसराळू, चिडका कामगार उभा राहतो; दीड वर्षापूर्वीचा चोख कामगार कोणाला दिसत नाही.

नोकरी सुटल्यावर तरी हे थांबावे, अशी आपली अपेक्षा असते. पुष्कळांच्या बाबतीत ते थांबत नाही. फोन वाजला की दचकणे, त्या कारखान्याच्या रस्त्याने जाणे टाळणे, जुने प्रसंग रात्री पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, नव्या वरिष्ठाने साधे बोलावले तरी घशाला कोरड पडणे, अशी लक्षणे वर्षानुवर्षे राहू शकतात. काही जण आपल्या कौशल्यापेक्षा खालचे आणि कमी पगाराचे काम धरतात, कारण तिथे कोणी आपल्याकडे पाहणार नाही. काही जण दारूकडे वळतात. नैराश्य आणि चिंतेचे विकार घर करतात. घरातील माणसे यातले काहीच जाणत नसतात. ‘हा पूर्वी असा नव्हता’ एवढेच त्यांना कळते.

हे केवळ आमचे निरीक्षण नाही. फिनलंडमधील पाच हजारांहून अधिक रुग्णालय-कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. छळ जितका लांबला, तितका पुढे नैराश्याचा धोका वाढत गेला, असे त्यात दिसले. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांचा पन्नास वर्षे माग ठेवणारा अभ्यास आहे. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना इतर मुले छळत होती, अशा मुलांची स्थिती पुढे काय झाली, हे त्यातून २०१४ साली मांडण्यात आले. वारंवार छळ झालेल्यांमध्ये मध्यमवयातही नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते. बालपणी सोसलेले चाळीस वर्षांनंतरही पुसले गेले नव्हते.

शाळेतल्या मुलांचा अभ्यास कामगारांच्या सभेत कशाला, असे कोणी विचारील. शाळेत जातीवरून, भाषेवरून, फाटक्या गणवेशावरून हिणवले गेलेले मूल अठराव्या वर्षी आपल्याच कारखान्याच्या फाटकातून आत येते. सुपरवायझरचा शब्द त्याच्या जुन्या जखमेवर पडतो. एकाच अपमानाने एक जण खांदे उडवून पुढे जातो आणि दुसरा कोसळतो, याचे एक कारण हे आहे. कोसळणारा दुबळा असतो असा याचा अर्थ नव्हे. त्याच्यावर आधीपासूनचे ओझे असते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. छळ झालेल्या प्रत्येकाचे आयुष्य बिघडतेच असे नाही. वेळेवर उपचार मिळाले, कोणी विश्वास ठेवला, सोबत कोणी उभे राहिले, तर माणसे सावरतात. संघटनेच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

दिल्लीभोवतीचे चित्र

महाराष्ट्रातून आलेल्या प्रतिनिधींना हा विषय जुन्या नावाने परिचित आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती, बदली आणि बडतर्फी जॉबरच्या हाती होती. त्याची मर्जी राखण्यासाठी कामगाराला लाच द्यावी लागे आणि त्याचे बोलणेही सोसावे लागे. त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू देत नसत, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला. कामगाराला कमी लेखणारा नेहमी मालकच असतो असे नाही, ही गोष्ट तेव्हाच उघड झाली होती.

आज जॉबरची जागा कंत्राटदाराच्या सुपरवायझरने घेतली आहे. गुडगावचा उद्योगविहार, मानेसर, फरीदाबाद, नोएडा या पट्ट्यात मोठ्या संख्येने कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगालमधून आलेले आहेत. कापसहेड्यासारख्या वस्त्यांत एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. ज्याला आज सांगून उद्या काढता येते, ज्याचे गाव हजार किलोमीटर दूर आहे आणि ज्याच्या खोलीचे भाडे पाच तारखेला द्यायचे आहे, तो उलट उत्तर देत नाही. छळाला असा माणूस सोयीचा असतो.

मानेसरच्या मारुती सुझुकी कारखान्याची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिचा विचार आपण बहुधा युनियनच्या मान्यतेचा लढा म्हणून करतो. तिच्याकडे या विषयाच्या अंगानेही पाहिले पाहिजे. २०११ साली तिथले कामगार तीनदा आंदोलनात उतरले. साडेसात मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत लघवी, चहा आणि परत जागेवर येणे हे सारे उरकावे लागते, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. त्या वर्षी ऑगस्टअखेरीस ‘सद्‌वर्तनाच्या’ हमीपत्रावर सही केल्याशिवाय आत सोडणार नाही, असे व्यवस्थापनाने फाटकावर सांगितले. प्रौढ, कुशल कामगाराकडून शाळकरी पोरासारखे लिहून घेणे याचा मनावर काय परिणाम होतो, हे वेगळे सांगायला नको. १८ जुलै २०१२ च्या वादाची सुरुवात एका सुपरवायझरने दलित कामगाराला जातिवाचक बोलल्यावरून झाली, असे युनियनचे म्हणणे होते. कामगारानेच सुपरवायझरला मारहाण केली, असे व्यवस्थापनाचे होते. त्या संध्याकाळी हिंसाचार आणि जाळपोळ झाली आणि मनुष्यबळ विभागाचे अधिकारी अवनीश कुमार देव यांचा मृत्यू झाला. त्या मृत्यूचे समर्थन कोणीही करू शकत नाही. परंतु पुढे काय झाले तेही लक्षात ठेवले पाहिजे. ५४६ कायम कामगार बडतर्फ झाले. मार्च २०१७ मध्ये गुडगावच्या न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप झाली, आणि ११७ जण निर्दोष सुटले. या निर्दोष सुटलेल्यांतील अनेकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती आणि बाहेर आल्यावर नोकरी नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये, बारा वर्षांनी, बडतर्फ कामगार मानेसरला पुन्हा धरणे धरून बसले. अपमानाची तक्रार वेळेवर ऐकून घेणारी विश्वासाची यंत्रणा नसली म्हणजे किती माणसांची किती वर्षे जातात, याचे याहून मोठे उदाहरण या पट्ट्यात नाही.

शिकलेल्यांच्या जगात हे होत नाही, असा समज असेल तर तोही दूर केला पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी २००६ साली केंद्र सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या विदर्भातील अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात होते. २००७ च्या अहवालात समितीने वर्गातील भेदभाव, वसतिगृहातील छळ आणि विद्यार्थ्यांना एका बाजूला पाडणे यांची नोंद केली. डॉक्टर आणि अध्यापकांच्या वाट्याला येणारी वागणूकही तिने मांडली. संस्थेने हा अहवाल मान्य केला नाही. त्यानंतर बारा वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या जळगावकडच्या आदिवासी समाजातील तरुण निवासी डॉक्टरने आपले जीवन संपवले. तीन वरिष्ठ डॉक्टर सतत जातीवरून हिणवत होत्या, असा कुटुंबाचा आरोप होता आणि त्या तिघींवर आरोपपत्र दाखल झाले. आपण वरिष्ठांकडे आधी तक्रार केली होती, असेही कुटुंबाने सांगितले. निवासी डॉक्टर नावाला विद्यार्थी असतो; प्रत्यक्षात तो रुग्णालयाचा सर्वांत जास्त तास राबणारा कामगार असतो.

कायदा कुठवर येतो?

कायद्याने या विषयाचे तुकडे केले आहेत. राजस्थानातील साथिन भंवरीदेवी यांच्यावरील अत्याचारानंतर महिला संघटना न्यायालयात गेल्या, १९९७ साली विशाखा निकाल लागला आणि २०१३ साली कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. जातीवरून होणाऱ्या अपमानासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. महाविद्यालयातील रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. हे तिन्ही संघर्षातून मिळालेले आहेत आणि अपुरे असले तरी मोलाचे आहेत. परंतु ज्याचा छळ लिंगावरून किंवा जातीवरून होत नाही, केवळ तो कामगार आहे म्हणून होतो, त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. अठरा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात सतावले तर नियम आहे. तोच मुलगा वर्षभराने कारखान्यात लागला की नियम संपतो.

हाती काहीच नाही असेही नव्हे. सूडबुद्धीने कामावरून काढणे आणि धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने बदली करणे या अनुचित कामगार प्रथा आहेत. औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात त्या होत्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहेत. त्या संहितेने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आवश्यक केली आहे. तिच्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. या संहितांबद्दल आपले मतभेद आहेत आणि राहतील, पण जी समिती कायद्याने मिळते ती रिकामी ठेवण्यात शहाणपण नाही.

फौजदारी कायद्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. तो बहुधा माणूस गेल्यावर हलतो, आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप सिद्ध होण्यासाठी केवळ कामावरचा जाच दाखवून न्यायालयांचे समाधान होत नाही. थेट प्रवृत्त करणारी कृती दाखवावी लागते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली १९० क्रमांकाचा करार मंजूर केला. कामाच्या जगातील सर्व प्रकारची हिंसा आणि छळ त्यात येतो. कंत्राटी, शिकाऊ आणि नोकरी शोधणारेही येतात. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. त्याच संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत मानसिक विकारांचा समावेश झाला. आपल्या कायद्यातील यादीत सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारे बहिरेपण आहे, मनाचा एकही विकार नाही.

फ्रान्समधील एक लढा

फ्रान्स टेलिकॉम ही पूर्वीची सरकारी दूरसंचार कंपनी. खासगीकरणानंतर २००६ साली तिने २२ हजार लोक कमी करायचे ठरवले. त्यांतील पुष्कळांना सरकारी सेवेचे संरक्षण असल्यामुळे काढता येत नव्हते. तेव्हा लोक स्वतःहून जातील अशी परिस्थिती निर्माण करण्यात आली: सक्तीच्या बदल्या, काम काढून घेणे, तंत्रज्ञाला विक्रीच्या फोनवर बसवणे. माणसे दारातून काढीन किंवा खिडकीतून, अशा अर्थाचे उद्‌गार कंपनीच्या प्रमुखाने अधिकाऱ्यांच्या बैठकीत काढले होते. पुढच्या वर्षांत आत्महत्यांची मालिकाच सुरू झाली.

तिथल्या युनियननी काय केले ते पाहण्यासारखे आहे. २००७ साली त्यांनी ताण आणि सक्तीच्या बदल्या यांची नोंद ठेवणारे स्वतःचे केंद्र काढले. एकेका कर्मचाऱ्याची हकीकत गोळा केली. २००९ साली फिर्याद दाखल केली. दहा वर्षे खटला चालला. न्यायालयाने ३९ जणांची प्रकरणे तपासली; त्यांपैकी १९ जणांनी जीवन संपवले होते. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनी आणि तिचे माजी प्रमुख दोषी ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च पातळीवरही ते कायम राहिले. शिक्षा सौम्यच होती. पण एका साहेबाचा स्वभाव नव्हे, तर कंपनीचे धोरणच छळ असू शकते, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. या विजयाच्या मुळाशी कार्यकर्त्यांनी चिकाटीने ठेवलेली नोंद होती.

आपण काय करावे?

पहिले काम नोंदीचे. छळाची तक्रार घेऊन येणाऱ्याला सल्ला देण्यापूर्वी वही द्या. तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले नेमके शब्द, जवळ कोण होते, हे त्याच दिवशी लिहायला सांगा. मेमोच्या प्रती आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवायला सांगा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी कार्यकर्त्याने लिहावे. चारशे दिवस मोजले गेले की ‘एवढे काय मनाला लावून घेता’ असे म्हणता येत नाही.

दुसरे, त्याला एकटे पडू देऊ नका. साहेबाने बोलावले तर दोघे सोबत जा. मेमोचे उत्तर त्याच्याबरोबर बसून लिहा. चहाच्या वेळी त्याच्या शेजारी उभे राहा. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आपल्याशी बोलणारे दोन-चार लोक रोज आहेत एवढ्यानेही माणूस तगून राहतो.

तिसरे, प्रश्न एकाच्या नावाने न मांडता खात्याच्या नावाने मांडा. त्या खात्यात दोन वर्षांत किती जणांनी राजीनामे दिले, किती बदल्या झाल्या, आजारपणाच्या किती रजा पडल्या, हे आकडे काढा. एकाच सुपरवायझरच्या हाताखाली ते वाढलेले दिसले, तर तक्रार निवारण समितीपुढे ती बाब सर्वांच्या वतीने न्या. पुढच्या करारात शिवीगाळ, सर्वांसमोर उभे करणे आणि मोबाइलवरून बदनामी यांना मनाई करणारे कलम मागा.

चौथे, उपचार. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे कार्यकर्त्यांनी आधी स्वतः मानले पाहिजे. विमाधारक कामगाराला ई.एस.आय.च्या डॉक्टरने आजारी असल्याचा दाखला दिला, तर अटी पूर्ण होत असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो. आजार मनाचा आहे म्हणून मागायला संकोच करू नये. दिल्लीत दिलशाद गार्डनला इहबास ही मनोविकारांची मोठी सरकारी संस्था आहे. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येते. परमुलखात दिवसभर हिंदीत काम करणाऱ्याला आपले दुःख आपल्या भाषेत सांगता येणे ही लहान गोष्ट नाही. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर ती थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचवा.

पाचवे, आपल्या घरात पाहा. कायम कामगार कंत्राटी पोराला नावाने न हाकारता ‘ए’ म्हणून हाकारतो, पुरुष सभासद महिला सहकाऱ्याची टिंगल करतो, डबा उघडताना जात विचारली जाते. सभासदत्वाची पावती हे छळाचे परवानापत्र नाही. आपल्या सभासदाविरुद्ध तक्रार आली, तर तीही त्याच वहीत लिहिली गेली पाहिजे.

सहावे काम सर्वांत सोपे आहे आणि तेच राहून जाते. छळाने नोकरी सोडलेल्या माणसाकडे सहा महिन्यांनी जा. वर्षाने पुन्हा जा. इजा दीर्घकाळ टिकते असे आपण म्हणतो, तर आपली विचारपूसही तितकी टिकली पाहिजे. हजेरीपटावरून नाव गेले तरी संघटनेच्या वहीतून ते जाता कामा नये.

यांबरोबरच १९० क्रमांकाच्या कराराला मान्यता, व्यावसायिक आजारांच्या यादीत मनोविकारांचा समावेश आणि कामाच्या जागी होणाऱ्या सर्व प्रकारच्या छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा, या तीन मागण्या महासंघाच्या मागणीपत्रकात आल्या पाहिजेत, असे आमचे मत आहे.

आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढला, तेव्हा त्याला केवळ झोपायला वेळ हवा होता असे नाही. माणूस म्हणून जगायला हवा होता. रोज मान खाली घालून मिळवलेला पगार पुरा पगार नसतो, कारण त्याची राहिलेली किंमत कामगाराचे मन पुढे अनेक वर्षे चुकती करीत राहते. ही किंमत आपल्या हिशेबात धरायला आपण सुरुवात करू या.